बोट साडेपाचला सुटते

एका दिवसात शहर पाहणाऱ्या माणसाला समाजात मान नाही. आठवडाभर राहून आलेला त्याच्याकडे दयेनं बघतो, महिनाभर राहून आलेला बघतच नाही, आणि जो कधी गेलेलाच नाही तो खुर्चीत रेलून विचारतो, "एका दिवसात काय बघून होणार?" हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, चहा हवा असतो.

खरं तर एका दिवसात शहर पाहण्याइतकं मेहनतीचं काम दुसरं नाही. महिनाभर राहणारा माणूस पहिले दोन दिवस झोप काढतो, मग दूध-ब्रेड कुठं मिळतो ते शोधतो, आणि म्युझियम "बघू निवांत" म्हणून जे बाजूला ठेवतो ते बाजूलाच राहतं. मुंबईत उभा जन्म काढून एलिफंटा न पाहिलेली माणसं मी घाऊक भावात दाखवू शकतो. लेणी कुठं पळून जात नाहीत, हेच त्यांच्या न पाहण्याचं कारण. एका दिवसाच्या पाहुण्याला ही चैन परवडत नाही. तो नाश्त्यालाच बूट घालून बसतो.

भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या क्रूझ बोटी असे पाहुणे रोज हजारांनी तयार करतात. रात्री झोपावं, सकाळी खिडकीबाहेर नवं शहर उभं. ते दिवसभर वापरायचं आणि संध्याकाळी जागच्या जागी परत ठेवायचं. आमच्या वाट्याला असं माल्टाचं व्हॅलेटा आलं, तेव्हा आम्ही पाच जण होतो: मी, बायको, मेव्हणी, साडूभाऊ आणि बायकोच्या मावशी. मावशींनी पंचाहत्तरी ओलांडलेली आहे आणि त्यांचे गुडघे त्यांच्या आधीच निवृत्त झालेले आहेत. साडूभाऊ मात्र सेवेत आहेत. ते एका कंपनीत नियोजन खात्यात आहेत आणि सुट्टीवर असताना ते खातं सोबत घेऊन येतात.

व्हॅलेटा हे युरोपीय संघातलं सगळ्यांत लहान राजधानीचं शहर. लांबी साधारण एक किलोमीटर, रुंदी त्याहून कमी, तिन्ही बाजूंनी समुद्र. युनेस्कोनं १९८० साली ते जागतिक वारशाच्या यादीत घातलं. त्या नोंदीत म्हटलंय की ५५ हेक्टरांत ३२० वास्तू आहेत. एवढ्याशा जागेत इतका इतिहास जगात फारच थोड्या ठिकाणी सापडतो. हे वाचून इतर लोक भारावून जातात. साडूभाऊंनी भागाकार केला.

"आठ तास म्हणजे चारशे ऐंशी मिनिटं. वास्तूमागे दीड मिनिट."

"आणि जेवण?" मावशींनी विचारलं.

"जेवण धरलं तर सव्वा."

"आणि बाथरूम?"

यावर साडूभाऊंनी फोन खिशात घातला. नियोजनात या बाबीसाठी रकाना नव्हता. दिवसअखेर हिशेब केला असता तर सगळ्यांत जास्त वेळ याच रकान्यात निघाला असता.

पण साडूभाऊंची घाई या शहराला परकी नव्हती. व्हॅलेटा उभंच राहिलं ते घाईत. १५६५ साली सुलतान सुलेमानच्या तुर्की फौजेनं माल्टाला वेढा घातला. बेटाचा ताबा तेव्हा सेंट जॉन पंथाच्या सरदारांकडे होता. व्रत संन्याशाचं आणि धंदा लढाईचा, अशी ही मंडळी. जवळपास चार महिने वेढा चालला. टोकावरचा सेंट एल्मो किल्ला २३ जूनला पडला, पण बाकीचं बेट टिकलं आणि सप्टेंबरात तुर्की आरमार परत गेलं. सरदारांनी विजयाच्या घंटा वाजवल्या आणि मग त्यांच्या डोक्यात तो एकच विचार आला: हे लोक पुढच्या वर्षी पुन्हा आले तर?

बंदरावर लक्ष ठेवणारी शिबेरास नावाची उघडीबोडकी टेकडी होती. तिच्यावर तटबंदीचं नवं शहर बांधायचं ठरलं. पोपनं फ्रांचेस्को लापारेल्ली नावाचा इंजिनिअर धाडला. त्यानं सरळ रेषांत एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते आखले आणि २८ मार्च १५६६ रोजी पायाभरणी झाली. पाच वर्षांनी, १५७१ मध्ये, सरदार बोचकी घेऊन राहायलासुद्धा आले. शहराला नाव मिळालं पंथाचे प्रमुख ज्याँ द ला व्हॅलेट यांचं, आणि अधिकृत पदवी मिळाली 'अत्यंत विनम्र नगरी'. शहराला आपलं नाव देऊन वर त्याला विनम्र म्हणण्यासाठी खरोखर सरदारच असावं लागतं.

या घाईत एक काम राहिलं. मूळ बेत टेकडी तासून सपाट करण्याचा होता. पण पैसा कमी, वेळ त्याहून कमी, आणि तुर्क कधीही येतील ही धास्ती. टेकडी आहे तशीच ठेवली, कागदावरचे सरळ रस्ते तिच्या अंगावर तसेच सोडले, आणि जिथं चढ फारच झाला तिथं पायऱ्या केल्या. तुर्क काही आले नाहीत. पायऱ्या राहिल्या. त्या वेळी वाचवलेल्या मजुरीची वसुली गेली साडेचारशे वर्षं पाहुण्यांच्या गुडघ्यांतून चालू आहे. बायरन हा इंग्रज कवी इथं येऊन गेला. तो एका पायानं अधू होता. १८११ मध्ये बेटाचा निरोप घेताना त्यानं कविता लिहिली आणि तीत या पायऱ्यांना शिव्याशाप दिले. मावशींना हे सांगितल्यावर त्यांनी बायरनबद्दल प्रथमच आपुलकी दाखवली.

बोट सकाळी पिंटो धक्क्याला लागली. साडूभाऊंच्या कागदावर उतरण्याची वेळ आठ होती. प्रत्यक्षात आठ वाजता आम्ही नाश्ता करत होतो, कारण नाश्त्याचे पैसे आधीच भरलेले होते. पैसे भरलेला नाश्ता सोडून शहर पाहायला जाणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही. साडूभाऊंनीही घड्याळाकडे बघत बघत तिसरा क्रोसाँ खाल्ला. मेव्हणीनं पेपर नॅपकिनात दोन केळी गुंडाळली. त्यानंतर कॅबिनमध्ये परत जाऊन टोपी, गॉगल, पॉवर बँक, मावशींच्या गोळ्या, आणि ज्या टोपीसाठी गेलो होतो ती टोपी. धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा नियोजनातल्या साठ वास्तू पाहून झालेल्या असायला हव्या होत्या.

बंदरातून शहरात जायचं म्हणजे तटाच्या उंचीइतकं वर चढायचं. त्यासाठी अप्पर बराक्का बागेपर्यंत जाणारी एक लिफ्ट आहे, ५८ मीटर उंच, २०१२ साली सुरू झालेली. त्याच जागी १९०५ ची एक जुनी लिफ्ट होती. ती १९७३ मध्ये बंद पडली आणि मग जवळजवळ चाळीस वर्षं लोक आपले चढत राहिले. लिफ्टसमोर रांग होती. रांगेत पुढे जर्मन कुटुंब, मागे इटालियन कुटुंब. जर्मन लोक रांगेत उभे होते, इटालियन लोक रांगेच्या आसपास होते आणि आम्ही मावशींना पुढं करून "सीनियर सिटिझन, सीनियर सिटिझन" म्हणत होतो. पुढच्या जर्मन आजोबांनी वळून मावशींकडे पाहिलं. ते ऐंशीचे तरी असावेत. त्यांनी मावशींना हसून आपली जागा दिली. मावशींनी ती घेतली. जर्मनीशी असलेले आमचे संबंध त्या दिवशी दृढ झाले.

शहरात सगळ्यांत आधी गाठायचं होतं ते सेंट जॉन्स को-कॅथीड्रल. बाहेरून पाहिलं तर आत जावंसं वाटू नये इतका साधा दर्शनी भाग आहे. जिरोलामो कास्सार या माल्टीज स्थापत्यकारानं १५७० च्या दशकात ते उभारलं तेव्हा सरदारांचा हिशेब किल्ल्याचा होता. पुढच्या शतकात पैसा आला, हौस आली, आणि आतल्या भिंतींवर कोरीव कामाची नि सोन्याची साय चढली. मात्तिया प्रेती या चित्रकारानं १६६० च्या दशकात छत रंगवलं. बाहेर हिशेबी आणि आत हौशी अशा या वास्तूबद्दल माझ्या सासुरवाडीत एकदम आदर निर्माण झाला.

दारातच पहिली अडचण आली. जमीन संगमरवरी आणि नाजूक असल्यानं बारीक टाचांच्या चपलांना आत मज्जाव आहे. मेव्हणीनं त्या टाचा फोटोंसाठी घातल्या होत्या. पहारेकऱ्यानं पाटीकडे बोट दाखवलं. मेव्हणीनं नवऱ्याकडे पाहिलं. साडूभाऊंनी काही न बोलता बॅगेची चेन उघडली आणि सपाट चपलांचा जोड बाहेर काढला. नियोजन खात्याचा तो सुवर्णक्षण होता. त्यानंतर दिवसभर काहीही चुकलं की ते म्हणायचे, "पण चपला होत्या ना?"

दुसरी अडचण मावशींची. या कॅथीड्रलची जमीन म्हणजे सुमारे चारशे सरदारांची थडगी आहेत. रंगीत संगमरवर जडवून केलेली, प्रत्येकावर ढाल-चिन्हं, लॅटिन मजकूर आणि मनसोक्त सांगाडे. कुठं हातात विळा घेतलेला, कुठं पंख लावलेला, कुठं वाळूचं घड्याळ दाखवून तुझीही वेळ येणार आहे म्हणून बजावणारा. जगभरातले लोक यांच्यावरून कानाला ऑडिओ गाइड लावून चालत असतात. मावशींनी खाली पाहिलं आणि पाऊल उचललेलंच ठेवलं.

"जावईबापू, ही माणसं पुरलीयेत इथं?"

"हो मावशी. मोठे सरदार होते."

"मग मी त्यांच्या छातीवर पाय कसा देऊ?"

तोड निघेना. शेवटी मावशींनीच काढली. प्रत्येक थडग्यावर पाय ठेवण्यापूर्वी वाकायचं, उजव्या हातानं हवेतच नमस्कार करायचा, आणि मग पुढं जायचं. पहिल्या सात-आठ सरदारांना त्यांनी स्वतंत्र नमस्कार केला. नवव्याला कंबर भरून आली, तेव्हा एका रांगेला एक असा सामुदायिक नमस्कार सुरू झाला. हे पाहून एका स्पॅनिश गटाच्या गाइडनं आपलं भाषण थांबवलं. गटातल्या दोन बायका मावशींच्या मागोमाग वाकून चालू लागल्या. त्यांना ही स्थानिक प्रथा वाटली असावी. साडूभाऊ तेव्हा पंधराएक युरोच्या तिकिटाला मिनिटानं भागत होते. मावशींच्या वेगानं पाहिलं तर दर फारच स्वस्त पडत होता आणि त्यामुळं त्यांना मावशींवर नीट रागावताही येईना.

बाजूच्या प्रार्थनागृहात कारावाज्जो या चित्रकाराचं भलंमोठं चित्र आहे: संत योहानाचा शिरच्छेद. १६०८ सालचं, पाच मीटरांहून रुंद. त्याच्या ज्ञात चित्रांपैकी सही असलेलं हे एकमेव, आणि सही कुठं, तर योहानाच्या मानेतून ओघळलेल्या रक्तात. कारावाज्जोचीही या गावातली भेट घाईचीच. रोममध्ये एकाचा खून करून तो पळाला होता. १६०७ मध्ये माल्टात आला, १६०८ च्या जुलैत सरदार झाला, पुन्हा मारामारी करून तुरुंगात गेला, तुरुंगातून पळाला, आणि डिसेंबरात सरदारांनी सभा भरवून त्याला पंथातून काढून टाकलं. सभा भरली ती याच खोलीत, त्यानंच रंगवलेल्या या चित्रासमोर. दीड वर्षाच्या आत येणं, मान मिळवणं, अजरामर चित्र काढणं, तुरुंग, पलायन आणि हकालपट्टी. एका दिवसात काय होणार म्हणणाऱ्यांना मी आता कारावाज्जोची वार्षिक सरासरी सांगतो.

चित्रासमोर बाकं आहेत आणि लोक चित्रासाठी कमी, बाकांसाठी जास्त येतात. मावशी बसल्या. चित्राकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "ते बाजूच्या खिडकीतून दोघं बघताहेत बघ. कुणी मदतीला येत नाही." चित्रात खरोखरच उजव्या कोपऱ्यात गजांआडून दोन कैदी मान लांब करून बघत असतात. आम्हा बाकीच्यांना ते दिसले नव्हते, कारण आम्ही फोटो काढत होतो.

बारा वाजता अप्पर बराक्का बागेखालच्या तोफखान्यातून तोफ उडते. पूर्वी बंदरातल्या जहाजांचे कप्तान या आवाजावर आपली घड्याळं लावून घेत. आता सगळ्यांच्या फोनमध्ये वेळ आपोआप बरोबर असते, तरी तोफ बारालाही उडते आणि चारलाही. खाली तोफांजवळ जायला तिकीट आहे, वरच्या गच्चीतून पाहणं फुकट. त्यामुळं वर पाचशे माणसं आणि खाली मोजकी. जुन्या ब्रिटिश गणवेशातले तोफची कवायत करत येतात, दारू भरतात आणि उभे राहतात. वर पाचशे फोन हवेत. सगळ्यांना माहीत असतं की तोफ उडणार आहे, कधी उडणार आहे तेही माहीत असतं, काही जण तर मोठ्यानं सेकंद मोजत असतात. तोफ उडते आणि पाचशेच्या पाचशे माणसं दचकतात. साडूभाऊंच्या व्हिडिओत थोडं आकाश, एका अनोळखी बाईची हॅट आणि "अरे बापरे" एवढं आलं. तरी त्यांनी ते सासरच्या ग्रुपवर पाठवलं आणि पुण्याहून लगेच उत्तर आलं: "तोफ कुठंय?"

तोफेनंतर दोन मिनिटांत गच्ची रिकामी होते. त्या गच्चीसमोर ग्रँड हार्बर पसरलेलं असतं, पलीकडे बिर्गूचा सेंट अँजेलो किल्ला, मधून हातहोड्या जाताहेत, सगळा दगड मधाच्या रंगाचा. पण त्याची ठरलेली वेळ नसल्यामुळं ते पाहायला कुणी थांबत नाही.

जेवायला आम्ही पास्तित्सी खाल्ल्या. माल्टाचा हा रस्त्यावरचा खरा खाऊ. पापुद्र्यांचं शंकरपाळ्याच्या आकाराचं कव्हर, आत रिकोटा चीज नाहीतर वाटलेला मटार. किंमत एका युरोच्या आसपास. मावशींनी चरबी वगैरे आहे का ते विचारायला सांगितलं. काउंटरवरचा मुलगा केरळचा निघाला. माल्टात हल्ली काउंटरमागे, बसच्या स्टिअरिंगवर आणि दवाखान्यात आपली माणसं बरीच भेटतात. तो हसला, आत गेला आणि मार्गारिनचं खोकंच उचलून घेऊन आला. मावशींनी चष्मा वर करून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. मागे रांग वाढत होती. वाचून झाल्यावर त्यांनी मटाराची घेतली, एक घास खाल्ला आणि निकाल दिला, "बेकरीतलं पॅटिस आहे. फक्त ताजं." सोबत किनी प्यालो. हे १९५२ पासूनचं माल्टाचं स्वतःचं शीतपेय, कडू संत्र्याचं. पहिला घोट घेतल्यावर माणूस बाटलीवरची तारीख बघतो. तिसऱ्या घोटाला दुसरी बाटली मागवतो.

दुपारी मर्चंट्स स्ट्रीटवर साडूभाऊंना त्यांचं दैवत भेटलं. इथल्या पलाझ्झो पारिझिओ या वाड्यात जून १७९८ मध्ये नेपोलियन उतरला होता. हल्ली तिथं परराष्ट्र मंत्रालय आहे. इजिप्तला जाताना तो वाटेत माल्टाला थांबला, सरदारांनी फारशी लढाई न करता शरणागती पत्करली, आणि त्याचा शहरातला मुक्काम आठवड्याहून कमी. तेवढ्यात त्यानं सरदारांना बेटाबाहेर काढलं, गुलामगिरी बंद केली, धर्मन्यायालय बंद केलं, उमरावांच्या पदव्या रद्द केल्या, शाळांची नवी व्यवस्था लावून दिली आणि चर्चमधलं सोनं-चांदी गोळा केली. सेंट जॉन्समधलं चांदीचं एक फाटक काळा रंग फासून त्याच्यापासून वाचवलं, अशी कथा इथं सांगतात.

"बघा," साडूभाऊ म्हणाले, "नियोजन असलं की सहा दिवसांत देश होतो. आपण एक शहर म्हणतोय."

पण नेपोलियनची पुढची हकीकत त्यांनी सांगितली नाही, ती मी सांगितली. माल्टाहून नेलेल्या लुटीपैकी बरीच त्याच्या 'लॉरियाँ' या जहाजावर होती असं म्हणतात. १ ऑगस्टच्या रात्री इजिप्तजवळ अबुकीरच्या उपसागरात नेल्सनच्या इंग्रज आरमाराशी लढताना ते जहाज स्फोट होऊन बुडालं. इकडे सप्टेंबरात माल्टाचे लोक फ्रेंचांविरुद्ध उठले, दोन वर्षांत फ्रेंच गेले आणि इंग्रज आले. म्हणजे धावपळ करून खरेदी केली, सामान वाटेत गेलं, आणि ज्यांच्याकडं उतरला होता त्यांनी पुन्हा दारात उभं केलं नाही. भरगच्च कार्यक्रमाच्या सहलीचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण संत पॉलचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमला जाताना त्याची बोट माल्टाच्या किनाऱ्यावर फुटली आणि तो तीन महिने इथं राहिला. व्हॅलेटात त्याच्या नावाचं चर्च आहे आणि तिथं त्याच्या मनगटाचं म्हणून एक हाड जपून ठेवलेलं आहे. थोडक्यात, ज्याची बोट फुटते त्याला तीन महिने मिळतात आणि ज्याची वेळेवर सुटते त्याला एक दिवस.

इंग्रजांमुळं मात्र मराठी माणसाची इथं सोय झाली आहे. वाहतूक डावीकडून, सॉकेट तीन चौकोनी भोकांचं, लाल पोस्टाच्या पेट्या, इंग्रजी बोलणारे लोक. मावशींना वाटलं, इतक्या दूर आलेले पहिले मुंबईकर आपणच. तसं नाही. १८७८ मध्ये रशियाशी युद्धाचं सावट आलं तेव्हा इंग्लंडचे पंतप्रधान डिझरेली यांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक थेट मुंबईहून बोटींनी माल्टाला आणले. रशियाला दाखवायला. ते आले, इथं राहिले, पाहणी झाली, युद्ध काही झालं नाही, आणि पुढं ते मायदेशी परतले. पार्लमेंटला न विचारता त्यांना इतक्या लांब आणलं, यावरून विलायतेत पुष्कळ वाद झाला. त्या सैनिकांना कुणी बंदर फिरून बघायला वेळ दिला होता का, हा मावशींचा प्रश्न मात्र पार्लमेंटात कुणी विचारल्याचं दिसत नाही.

तीन वाजता मावशी एका पायऱ्यांच्या गल्लीत बसल्या आणि आता आपण उठणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. साडूभाऊंच्या यादीत अजून दोनशेच्या वर वास्तू शिल्लक होत्या. मावशींनी आपली लाल छत्री उघडली. आम्हीही बसलो. व्हॅलेटाच्या घरांना लाकडी, काचा लावलेले बंद सज्जे असतात, हिरवे, लाल, निळे. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हिरव्या सज्ज्याची एक काच सरकली आणि दोरीला बांधलेली वेताची टोपली खाली येऊ लागली. खाली पाववाला उभा. टोपली दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यापाशी येऊन अडकली. वरच्या आजीबाईंनी दोरीला झटका दिला. टोपली फिरली आणि पुन्हा अडकली.

"डावीकडे! डावीकडे घ्या!" मावशी मराठीत ओरडल्या.

आजीबाईंनी खाली पाहिलं आणि माल्टीजमध्ये काहीतरी उत्तर दिलं. मावशींनी हातानं डावीकडे दाखवलं. दोरी डावीकडे गेली, टोपली सुटली, पाव आत पडला, पैसे पाववाल्यानं काढून घेतले आणि टोपली वर चढू लागली. दुसऱ्या मजल्यापाशी मावशींनी पुन्हा सूचना दिली. टोपली सुखरूप पोहोचल्यावर दोघींनी एकमेकींकडे बघून मान डोलावली. नंतर आजीबाईंनी वरूनच बोट करून साडूभाऊंबद्दल काहीतरी विचारलं. मावशी म्हणाल्या, "जावई. धाकटे." एवढं संभाषण दोघींना पूर्ण कळलं. या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली, म्हणजे साडूभाऊंच्या दरानं वीस वास्तू. त्यांनी ती बाब 'लोकजीवन' या सदरात टाकली.

चारची तोफ लिफ्टच्या रांगेत ऐकू आली. या वेळीही सगळे दचकले. पाच वाजता बोटीवर चढायची शेवटची वेळ आणि साडेपाचला बोट सुटली. व्हॅलेटा सोडतानाचा तो अर्धा तास फुकट असतो आणि दिवसभरात सगळ्यांत भारी असतो. बोट बंदरातून हळूहळू बाहेर पडते आणि दोन्ही बाजूंनी तट, घुमट, किल्ले, सज्जे, सगळं शहर ओळीनं समोर येतं. जे पाहायला वेळ मिळाला नाही ते आणि जे पाहायला दम उरला नाही तेही. या वेळी बहुतेक प्रवासी जेवणाच्या हॉलबाहेर रांगेत असतात. आम्ही मात्र मावशींच्या गुडघ्यांना जिना नको म्हणून डेकवरच थांबलो.

तिथं आरामखुर्चीत कराडचे एक काका बसले होते. हातात कॉफी, मांडीवर दुर्बीण.

"काय काय पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

साडूभाऊंनी श्वास घेतला आणि सेंट जॉन्सपासून पाव-टोपलीपर्यंत सगळा अहवाल सादर केला. चपलांसकट.

"वा," काका म्हणाले. "आम्ही उतरलोच नाही. सकाळपासून इथंच. बोट अर्धी रिकामी, चार वेळा खाऊन झालं. दोन्ही तोफा ऐकल्या. बाराची तर धुरासकट दिसली. ती उंच लिफ्ट पण दिसते इथून, सारखी वर-खाली. आणि तीनच्या सुमाराला वरच्या गल्लीत पायऱ्यांवर लाल छत्री घेऊन बसला होतात, ते तुम्हीच ना?"

मावशी खूश झाल्या. साडूभाऊ काही बोलले नाहीत. एका माणसानं बूटसुद्धा न घालता आपल्याहून जास्त दिवस वसूल केला, हे त्यांना पचेना. दोन मिनिटांनी त्यांनी फोन काढला. दुसऱ्या दिवशी मेसिना होतं. तिथल्या कॅथीड्रलच्या घड्याळात दुपारी बाराला सिंह डरकाळी फोडतो आणि कोंबडा आरवतो. ती नोंद त्यांनी चौथ्या क्रमांकावर ढकलली आणि पहिल्या क्रमांकावर नवी लिहिली: सकाळी सात वाजता, काकांच्या आधी, डेकवरची ती खुर्ची धरणे.